मधली बारा पानं

झेरॉक्सच्या रांगेत माझ्यापुढे दोघी बहिणी उभ्या होत्या. धाकटीच्या हातात एक जाडजूड परभाषेतली कादंबरी होती.

"ताई, इथेच हिची झेरॉक्स काढली होती. मधली बारा पानं राहून गेली आणि मी तसाच अनुवाद केला."

"तुझ्या लक्षात कसं नाही आलं?"

"नवरा-बायको जेवायला बसतात आणि पुढच्या ओळीत ती एकटीच बोटीवर. मला वाटलं, लेखिकेची शैली असेल."

"आणि सरांच्या रविवारच्या बैठकीत तेच वाचलंस?"

"तिथेच तर घोळ झाला. सर डोळे मिटून म्हणाले, काय जीवघेणं मौन आहे. मग सगळेच म्हणाले."

"मूळ पुस्तक वाचलं होतं का कुणी?"

"माना तरी सगळ्यांनी डोलावल्या."

"आहे काय त्या बारा पानांत?"

"ती नवऱ्याचा खून करते."

"अगं बाई. मग घाल की ती पानं आता."

"कशी घालू? सरांनी त्या मौनावर चौदा पानांची प्रस्तावना लिहिलीय. बैठकीतल्या दोघा नवोदितांनी तर आपापल्या कथांमधली मधली पानं काढून टाकलीत."

"सरांना खरं काय ते सांगून टाक."

"काल सांगितलं. फोनवरच."

"मग?"

"म्हणाले, त्या बारा पानांची झेरॉक्स काढून मूळ लेखिकेला पाठव. पुढच्या आवृत्तीत गाळायला सांगू."