माझ्या घरात ससा कुठनं आला?

...आणि वर मलाच म्हणते, "आजी, तू क्रूर आहेस!" मी? अहो, साखरेच्या डब्यात मुंग्या झाल्या तर मी डबा उन्हात ठेवून त्या बाहेर पडायची वाट बघत बसते, तोवर चहा बिनसाखरेचा पिते, पण एक मुंगी चिरडत नाही... आणि मी क्रूर! का, तर म्हणे सशापायी. आता तुम्हीच सांगा, चाळीस वर्षं पंचवटीत राहते मी, उभ्या जन्मात सशाचं काही वाकडं केलेलं नाही, मग माझ्या घरात ससा कुठनं आला?

तुम्हाला सांगते, पुण्याहून आला. आमची नात ओवी तिकडं कॉलेजात असते, होस्टेलवर. सुट्टीला आली, पिशवी टाकली, पाय धुतले की थेट मोरीत... आणि साबण, शांपूच्या पुड्या, पावडर, तिच्या आईचं, म्हणजे आमच्या आशाचं गोरं व्हायचं क्रीम, सगळं बादलीत! आशा मागनं ओरडतेय, "अगं, ते निम्मं राहिलंय!" तर ही म्हणते, "मम्मी, हे सगळं आधी सशाच्या डोळ्यात घालून बघतात." मी म्हटलं, अगं बाई, सशाला शांपू कशाला? "झोंबतंय का ते बघायला, आजी." मग माणसाला विचारा की मेल्यांनो! माणूस तोंडानं सांगतो तरी, बाबा रे, झोंबतंय. ससा काय सांगणार? कान हलवणार?

"तेच तर!" म्हणाली. "म्हणून आम्ही होस्टेलच्या सगळ्या मुलींनी शपथ घेतलीय. ज्याच्यावर सशाचं चित्र असेल, म्हणजे सशाला छळलेलं नसेल, तेच लावायचं. क्रुएल्टी फ्री!"

बरं, घ्या शपथ, माझं काय जातंय... पण गेलं ना माझंच! अहो, रविवारी ओवीच्या डोक्याला तेल लावायचं ते मीच. बारशाच्याही आधीपासून तिची टाळू मी भरलीय. लोखंडी कढईत माका, जास्वंद, मेथ्या घालून तेल मी काढते, आणि पोर पुण्याला गेल्यापासून माझ्या हाती लागते ती तेवढ्या तासापुरती. एरवी कानाला फोन, पायात चपला. पण डोकं माझ्या मांडीवर आलं ना, की मग सगळं बोलते... मेसची कच्ची पोळी, कुणाशी अबोला, कुणाशी गट्टी, रडायचं असलं तर रडतेसुद्धा. आणि त्या पोरीनं माझी बाटली उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाली, "सॉरी आजी. ह्याच्यावर ससा नाही." अगं, मी कढईत माका घातला, जास्वंद घातली, त्यात ससा कुठनं येणार? "शपथ आहे, आजी." झालं! म्हटलं, ससा पाहिजे ना? आणते ससा. रविवारच्या आत आणते.

आता मला वाचता येत नाही, लपवायचं कशाला. मी चित्रावर बाजार करते. पुडीवर उंदीर, ते उंदराचं औषध. डब्यावर गाय, ते तूप. पाकिटावर मिरची, ते तिखट. आजवर कधी तुपाच्या जागी उंदराचं औषध घरात आलेलं नाही. तेव्हा बुधवारी शेजारच्या सुलाबाईला घेतलं आणि गेलो कारंजाच्या चौकातल्या भिकनशेठच्या दुकानात. म्हटलं, "तेल द्या. क्रुएल्टी फ्री."

"कोणतं तेल, आजी?"

"कोणतंही द्या, पण वर ती क्रुएल्टी फ्री पाहिजे."

काय चुकलं माझं? हल्ली साबणावर डबी फ्री, चहापत्तीवर बरणी फ्री, पावडरीवर कंगवा फ्री... तशी तेलावर क्रुएल्टी फ्री. असेल काहीतरी पुण्याकडचं! भिकनशेठनं खोकं हलवून बघितलं, कान लावून बघितला, गल्ल्याखाली वाकून बघितलं. माहीत नाही असं म्हणेल तर तो भिकनशेठ कसला! म्हणतो, "आजी, ती स्कीम संपली. कंपनीनं क्रुएल्टी बंद केली." सुलाबाई खवळली. "बंद कशी होईल? तुम्हीच काढून ठेवली असेल घरच्यांसाठी! आमच्याकडनं गिऱ्हाइकी घ्यायची आणि क्रुएल्टी सासुरवाडीला द्यायची!" तो बिचारा आईची आण घ्यायला लागला, की माझ्या घरात क्रुएल्टीचा एक तुकडा नाही म्हणून...

तशाच रिकाम्या हातानं आम्ही नदीकाठच्या बुधवारच्या बाजारात उतरलो, आणि काय सांगू, समोर जडीबुटीवाला बसलेला, पुढ्यात बाटल्यांची रांग, आणि एकूण एक बाटलीवर पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा, कान टवकारलेला... ससा! मी म्हटलं, "ससा आहे ना नक्की?" तो म्हणाला, "आजी, अस्सल ससा! एका बाटलीला एक!" म्हटलं, बघा, चित्रसुद्धा मोजून लावतात, केवढा चोख माणूस! "आणि फ्री काय?" म्हणाला, "कंगवा फ्री. शिंगाचा आहे, जन्मात तुटायचा नाही." मी सुलाबाईला कोपर मारलं. म्हटलं, बघ गं, हीच ती क्रुएल्टी.

रविवार उजाडला. पाट मांडला, बाटली पुढं केली, ओवीनं लांबूनच ससा बघितला आणि माझ्या गळ्यातच पडली! "आजी, माझ्यासाठी शोधून आणलंस?" म्हटलं, मग! डोकं आलं मांडीवर, ओंजळभर तेल ओतलं टाळूवर, थपाथपा जिरवतेय, पोर डोळे मिटून मेसमधलं काहीतरी सांगतेय, मी कंगवा काढून म्हटलं, "आणि ही घे तुझी क्रुएल्टी!" तिनं डोळे उघडले, कंगवा बघितला, बाटली उचलली आणि मोठ्यानं वाचायला लागली, "सशाच्या... ताज्या... रक्तात... सिद्ध केलेले..."

पुढचं वाचलंच नाही. अशी किंचाळली की सुलाबाई हातातलं लाटणं घेऊन धावत आली! मोरीत जाऊन तीनदा शिकेकाईनं डोकं धुतलं, आणि आतनं रडत, "आजी, तू क्रूर आहेस!" अगं, ससा पाहिजे म्हणालीस, मी ससा आणला. मग एक ससा चालतो आणि दुसरा ससा चालत नाही, हे बाटलीवर कुणी लिहायचं? आणि लिहिलं तरी मला वाचून कोण दाखवणार?

बऱ्याच वेळानं बाहेर आली. ओले केस, लाल डोळे, अगदी त्या चित्रातल्यासारखी. मीही ओट्याशी रडत बसलेली. मग हळूच म्हणाली, "आजी, तुझं कढईतलं तेल तू पहिल्यांदा कुणावर करून बघितलंस?"

आता खोटं कशाला बोलू? म्हटलं, "तुझ्या आजोबांवर. लग्न झाल्यापासून. नवीन काढलं की आधी ह्यांच्या डोक्यावर, आणि मग महिनाभर बघायचं काय होतंय."

"त्यांना विचारून?"

ओसरीवरनं ह्यांचा आवाज आला, "मला कुणी विचारलं नाही."

"झोंबायचं का हो आजोबा?"

"झोंबायचं. पण तुझ्या आजीपुढं कान हलवायचीसुद्धा सोय नव्हती."

तशी जी हसत सुटली पोर! हसत हसत आली आणि डोकं टाकलं माझ्या मांडीवर. म्हणाली, "सशावर नाही ना? मग शपथ मोडत नाही. लाव."

लावलं. आणि जाताना दोन बाटल्या घेऊन गेली होस्टेलला. परवा फोन आला, सगळ्या मुलींना हेच तेल पाहिजे, फक्त त्यांना खात्री पटवायला एक फोटो पाठव म्हणे. कुणाचा? ज्याच्यावर प्रयोग झाला त्याचा! आमचे हे काय खूश! इस्त्रीचा सदरा घातला, दाढी केली, स्टुडिओत खुर्चीवर ताठ बसले, आणि फोटो नीट यावा म्हणून टोपी काढायला लागले... म्हटलं, अहो, राहू द्या ती डोक्यावर! पोरींनी तेल मागितलंय... गुण नाही मागितला.