मुहूर्ताला प्लग घासले

माझ्या लग्नाचं सांगते. वऱ्हाड बसनं आधीच इचलकरंजीला गेलतं. मागनं आबांच्या जुन्या गाडीतनं आम्ही दोघंच, मी आणि माझे वडील, आबा. अर्ध्या वाटेत गाडी धक्के खात बंद पडली.

"मुहूर्त चुकला की गं आता," आबा म्हणाले. गाडीचं काम मला त्यांनीच शिकवलेलं, पण त्या दिवशी त्यांचं सगळं लक्ष घड्याळात होतं. मी शालूचा पदर खोचला, बॉनेट उघडलं, पान्यानं प्लग काढले. काजळीनं पार काळेकुट्ट झालेले. पॉलिश पेपरनं घासायला लागले, तेवढ्यात नवऱ्याचे काका आम्हाला शोधत मोटरसायकलवरनं आले.

"पावणं, नवरी कुठं हाय?"

"ती काय, प्लग घासतीय," आबा म्हणाले.

मी प्लग बसवून चावी फिरवली. गाडी लगेच सुरू झाली.

"काका, तुम्ही व्हा म्होरं, आलोच," म्हटलं आणि हॉलच्या दारापर्यंत गाडी मीच चालवली.

दारात सासूबाईंनी माझे काळे हात हातात घेतले, उलटसुलट करून बघितले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मेंदी लय रंगलीया की."