कर्नलवरचं नाव

सारंगखेड्याच्या थांब्यावर आम्ही शहाद्याच्या बसची वाट बघत होतो. माझ्या मागे बाप-लेक भांडत होते.

"हेमांगी, सरनी माफी मांगी ले. वीस मानसंसमोर त्याले खोटा म्हनतस का?"

"तो खोटाच शे, आबा."

"कॉलेजनी नोकरी शे. एक कॉम्प्युटरसाठे कोनी सोडस का?"

"त्या कॉम्प्युटरमा कर्नल नावना मूळ प्रोग्राम ऱ्हास. सगळं मशीन तोच चालाडस. पोरीसना सरावले त्यामा लहान लहान खोल्या लागेत, आनि परीक्षाले आख्खं येगळं मशीन. कर्नल म्हने, दोन्हीमातलं एकच करसू."

"मंग?"

"मंग मी कर्नलले नवा कोडनं ठिगळ लायं. तीन महिना लागनात. आते दोन्ही संगे चालतस."

"सरनी मदत करी व्हई."

"मदत? ‘असल्या भानगडीत पडू नकोस,’ म्हने! चालू व्हयनं तवय नाशिकले परिषदमा जाईसन सोतानं काम म्हनीसन दखाडं."

"मोठा मानसं करतस तसं. गिळी ले."

"ठिगळना वर मी मन्हं नाव लिखेल व्हतं. ते पुसं आनि सोतानं टाकं."

"काय लिखेल व्हतं?"

"हेमांगी शांतीलाल चौधरी."



"शांतीलाल भी पुसं?"

"पूर्ण पुसं."

"बस उनी. चढ."

"मी माफी मांगाव नही, आबा. आत्तेच सांगस."

"माफी कोन मांगस? कॉलेजमाईन तुन्हं सामान आनाले जाई ऱ्हायनूत."