उद्या चढवायची ओळ

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या धामकाठ कृषी साहित्यचे मालक आदरणीय धर्मेंद्रभाऊ, तालुका कृषी कार्यालयातून वेळात वेळ काढून आलेल्या मीरा मॅडम, ज्यांच्यासाठी हा सगळा घाट घातला त्या आपल्या नमिताताई, काउंटरवरचे आणि गोदामातले माझे सोबती, आणि आंजीहून आलेले माझे आईबाबा, तुम्हा सगळ्यांना सोनमचा नमस्कार.

मला भाषणाची सवय नाही, पहिल्या रांगेला ते दिसतच असेल. हसू नका! हार घालायला सांगितलं असतं तर पटकन घातला असता. बोलायला उभं केलं, म्हणून ही पंचाईत.

ताई नागपूरला नव्या नोकरीवर चालल्या. दुकानाच्या वेबसाइटवरचा मजकूर आजवर त्या लिहायच्या, उद्यापासून मी लिहायचा. गोदामातला सूरज मला म्हणाला, "त्यात काय मोठं? दोन फोटो टाकजो, चार गोड शब्द लिवजो, झालं!" खरंच एवढंच असतं का हो ते? मीही आधी तसंच समजत होते.

गेल्या कपाशीच्या हंगामात ताई रजेवर होत्या. फवारणीच्या किटचं पान वेबसाइटवर चढवायची घाई होती. किट म्हणजे मास्क, चष्मा, हातमोजे आणि अंगरखा. भाऊंनी स्वतः वरची ओळ सुचवली, "आता बिनधास्त फवारा!" ओळ झकास होती, मीरा मॅडम. पोट्ट्यांनी स्टेटसला ठेवली.

माझे बाबा, टिकाराम, मजुरीनं फवारणी करायचे. त्यांनी आपल्याच दुकानातून किट नेलं आणि मोबाइलवरचं पान आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी डोक्याच्या वर गेलेली कपाशी, भर दुपार आणि वारा तोंडावर. आई बांधावरून ओरडली, "काऊन जी, वारं नाई पाहात का?" बाबा म्हणाले, "बिनधास्त लिवलं हाये ना त्यायनं! धर्मेंद्रभाऊ काय खोटं लिवतीन?" आमच्याकडे माणूस ओळखीचा असला की त्याचा शब्द कोणी तपासत नाही. मास्क भिजून चिंब झाला, तरी बाबा औषध मारतच राहिले.

मी काउंटरवर असताना आईचा फोन आला. नुसतं रडणं ऐकू येत होतं. दवाखान्यात पोचले तर बाबांच्या तोंडातून लाळ गळत होती आणि ते मलाच विचारत होते, "कोन व्हय वं तू?" त्या दिवशी मी जितकी भ्याले, तितकी जन्मात भ्याले नव्हते. अजूनही आईचा फोन वाजला की मी आधी विचारते, "बाबा कुठं आहेत?"

बाबा वाचले. तिसऱ्या रांगेत बसलेत, आणि आलूबोंडे कधी येतात तिकडे लक्ष आहे त्यांचं. पण नजर अधू झाली आणि फवारणी कायमची सुटली.

ताई रजेवरून आल्या, त्यांनी आधी ती ओळ काढली आणि पान नव्यानं लिहिलं. "वारा तोंडावर असेल तर पंप खाली ठेवा. मास्क ओला झाला की बदला. डोकं जड वाटलं तर घरी जाऊ नका, दवाखान्यात जा." किटची माहिती त्याच्या खाली. भाऊ चिडले होते, आठवतं ना भाऊ? "अवं नमिता, आपण माल विकून राह्यलो का लोकायले भेव दाखवून राह्यलो?" त्याच आठवड्यात तळेगावहून शकुबाई नावाच्या एका शेतकरी बाईंचा फोन आला, "तुमचं वाचून आज पंप खाली ठेवला. लोकायची काळजी दिसते तुमाले. तो किट पाठवून देजा."

तेव्हापासून ताईंची एक रीत ठरली. जी वस्तू ज्यानं वापरायची, त्याला ओळ वाचून दाखवल्याशिवाय ती चढवायची नाही. आणि "समजलं का?" असं कधी विचारायचं नाही, कारण आपल्याकडे सगळे हो म्हणतात. विचारायचं, "हे वाचून तुम्ही आता काय कराल?"

आता भाऊ, रागावू नका. परवा तुमचा मेसेज आला. नवीन किट आलंय, उद्या सकाळी पान चढव आणि वर जुनी ओळ टाक, ती लोकांच्या तोंडी बसली आहे. तेव्हापासून मला घास गोड लागत नाही. घर आता माझ्या पगारावर चालतं. नाही म्हणायची भीती वाटते, आणि हो म्हणायची त्याहून जास्त वाटते. ताई इथं आहेत तोवर त्यांच्याच रीतीनं विचारून घेते.

बाबा, जरा उभे राहता का? मी वाचते. "आता बिनधास्त फवारा!" हे वाचून तुम्ही काय कराल?

...

मागच्यांना ऐकू आलं नसेल, म्हणून मीच सांगते. बाबा म्हणतात, "मांगच्या साली दुकानानं लिवलं म्हणून भरवसा ठेवला. आता त तू लिवशीन पोरी. मंग त डोये झाकून फवारीन."

बसा बाबा.

भाऊ, ती ओळ उद्या माझ्या हातून चढणार नाही. मला ठेवायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

ताई, नागपूरला सुखानं राहा, आणि मी घाबरून फोन केला तर उचलत जा. मीरा मॅडम आल्या, सगळ्यांनी इतकं ऐकून घेतलं आणि भाऊंनी मला मधेच थांबवलं नाही, त्याबद्दल मनापासून आभार. आज बोलताना माझं काही अधिक-उणं झालं असेल तर लेकरू समजून पोटात घाला. पण उद्या लिहिताना झालं, तर मात्र कोणीच घालू नका.