ठिपकी परत आली ते वर्ष

— नाही, नाही, चूक तुझीच असणार, पोरी. सहा वर्षं मुंगसांच्या बिळांपाशी बसलीस आणि हाकललेली एकही मादी कळपात परत आलेली दिसली नाही? मग बघण्यातच खोट आहे तुझ्या. राग मानू नकोस — पण माझ्या वहीत आहे ना! ठिपकी. थोरलीची, म्हणजे कळपातल्या मुख्य मादीची मुलगी, पाठीवर आम्ही केस रंगवायच्या रंगाचा ठिपका दिलेला, म्हणून ठिपकी. पाऊस नाही, किडे नाहीत, खाणारी तोंडं सतरा — थोरलीनं चावून चावून बिळाबाहेर काढली तिला. आता ही मुंगसं असं करतातच, तुला मी काय सांगायचं? तेरा दिवस बाहेर होती. चौदाव्या दिवशी आत! कळप माफ करतो, असं आमच्या सरांचं अख्खं पुस्तक उभं आहे त्याच्यावर. आणि तू प्रबंधात लिहिणार, कळप माफ करत नाही म्हणून? सर पास करतील तुला? डोंबल!

अगं बस, उठू नकोस. चहा घे. काय आहे ते — वजनाचा तक्ता? हो, अक्षर माझंच. सकाळी बिळातून निघाली की एकेकीला काट्यावर घ्यायचं. आपणहून थोडीच चढतात? उकडलेल्या अंड्याचा एक कण दाखवायचा, नखाएवढा, आकडा लिहायचा, संपलं. आपण फक्त बघायचं, मध्ये पडायचं नाही — हे मीच शिकवलं सगळ्यांना. काय वाढलं? थोरलीचं वजन? त्या तेरा दिवसांत? असेल, काटा बिघडला असेल. एकट्या थोरलीपुरता? हं. हुशार आहेस.

पोट भरलं की चावत नाहीत गं, एवढंच. आधी थोरलीला अर्धं अंडं दिलं, मग अख्खं, मग रोजच — ठिपकी तिकडे वीस पावलांवर बसलेली, शेपटीचे केस उपटलेले, आणि मी वहीत काय लिहायचं? 'अंतर वीस पावलं.' मला नाही झेपलं. तू म्हणशील, आधी हाकललेल्या अकरा जणींच्या वेळी बरं झेपलं? झेपलंच की! पण त्या वर्षी आमची ताई — जाऊ दे. नाही, ऐकच आता. ताई नवऱ्याचं घर सोडून आली होती, हातात एक पिशवी. वडील दारातूनच म्हणाले, इथे जागा नाही, आणि कडी घातली. मी मागे जिन्यात उभा. वडील आत गेले, कडीला माझा हात पोचत होता, पोरी, आणि ती बाहेरून माझं नाव घेत होती — दोनदा घेतलं — आणि मी आपला उभा. नंतर कुठे गेली, कशी राहिली, मला माहीत नाही. शोधलंच नाही मी. तोंड कुठलं होतं?

तुझं बरोबर आहे. कुणी परत घेत नाही. मला काय ते कळत नाही? पण लिहून देऊ? माझ्या सहीनं? एवढ्या वर्षांच्या एवढ्या वह्या, त्यात एक — एकच — परत आली आहे, आणि तीही मीच खोडू? तुझी सहा वर्षं फुकट जातील, ते दिसतंय मला. वाईट वाटतंय, खरंच वाटतंय. तक्त्याची ही एकच प्रत ना? ठेव ती इथे. ठेव म्हणतो ना! आणि जाताना दार ओढून घे.