उतार पाहून सोयरीक

...नाही, हसा तुम्ही, हसायला तुमचं काय जातंय! पण मला एक सांगा, अख्ख्या खानदेशात उतार आहे कुठे? तापीमाईनं सगळा मुलूख भाकरीसारखा थापून सपाट करून ठेवलाय, आणि आमच्याच नशिबी अशी गाडी आली की जिला उतारच लागतो! बाकी काही म्हणजे काही मागत नाही बिचारी. पेट्रोलसुद्धा बेतानं पिते. फक्त उतार. सकाळी घरून निघायचं तर उतार, दुकानातून परत यायचं तर उतार. लग्नाची पत्रिका घेऊन लोक येतात माझ्याकडे, निंबाभाऊ, यायचं बरं का, सहकुटुंब, तर मी मुहूर्त विचारत नाही, मुलगी कुठली ते विचारत नाही, मी विचारतो हॉलच्या पुढे उतार आहे का. नसला की आहेर पाठवून देतो. लोकांना वाटतं भांड्यांच्या दुकानामुळे माणसाला वेळ मिळत नाही. कसली भांडी, कसला वेळ... उतार नाही मिळत हो!

आता तुम्ही म्हणाल, दुरुस्त का करत नाही. झालं! तुम्हाला काय वाटतं, मी हौसेनं ढकलतो? अमळनेरात स्टेशनच्या अंगाला रहीम मिस्तरीचं गॅरेज आहे, तिथं ही गाडी माझ्या घरापेक्षा जास्त राहिलेली आहे. रहीमची बायको हसीनाबी, फार मायाळू बाई, चहा आणून देते आणि म्हणते, राहू द्या ना भाऊ आजची रात्र इथंच, तिला इथं करमतं. गाडीला करमतं! आणि रहीम? तो बॉनेट उघडतो, मान आत घालतो, आपला जीव इकडे टांगणीला, आणि मग तो मान बाहेर काढून हात पुसत सांगतो, "भाऊ, गाडीले काही व्हयेल नही. इंजन मक्खन शे."

अरे मक्खन आहे तर चालू का होत नाही? तर म्हणे सेल्फ मारला की जे दात धरायला पाहिजेत ते झिजलेत. मग बदल ना दात! तर म्हणे त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागेल, आणि एवढ्या वयात तिला कशाला उघडायचं, भाऊ, आपल्या घरातल्या म्हातारीला आपण असं करू का? आता यावर काय बोलाल तुम्ही? डाव्या बाजूची काच खाली पडते, तिथं आमच्या घरातलं अर्धं लाटणं ठोकलंय. इंजन मक्खन शे. पाऊस आला की टपातून नेमकं माझ्याच मांडीवर गळतं. इंजन मक्खन शे. आणि बायकोच्या बाजूचं दार आतून उघडत नाही, त्यामुळे मला दर वेळी उतरून, वळसा घालून, बाहेरून दार उघडून तिला उतरवून घ्यावं लागतं. गावात माझं नाव झालंय त्यानं! बघा, निंबाभाऊ बायकोला किती मान देतात. सुनंदाबाई पण अशी उतरते ना ऐटीत, पदर सावरत, की मीसुद्धा घटकाभर विसरतो की कडी तुटलेली आहे.

विका म्हणता? हां, ते मला म्हणू नका. म्हणजे शिव्या मीच देणार, दुसऱ्यानं दिल्या की मला लागतं. दिपमाला, माझी मुलगी, हिच्यातूनच शाळेत गेली, कॉलेजात गेली, मागच्या सीटवर अजून तिनं पेनानं काढलेली फुलं आहेत. मग जळगावला एका लॅबमध्ये लागली, रोज जाऊन-येऊन. आणि खरी गोष्ट तिचीच सांगायचीय तुम्हाला, हे दातांचं आणि लाटण्याचं मध्येच निघालं.

झालं काय, भडगावकडचं एक स्थळ आलं होतं दिपमालाला. चांगली माणसं, पोहे झाले, चहा झाला, आणि मला कुठून बुद्धी सुचली कुणास ठाऊक, मी म्हटलं चला, बसस्टँडवर सोडून येतो. घरापासून उतारावर निघाली छान. स्टँडपुढे गर्दीत बंद पडली. आणि तिथं काय, सपाट! मुलगा ढकलतोय, त्याचे वडील ढकलतायत, शेवटी त्याची आईसुद्धा उतरली, नवी कोरी साडी, आणि माझ्या गाडीनं जो धूर सोडला... काही विचारू नका. तिसऱ्या दिवशी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. कशी जुळेल? विहीणबाईंच्या साडीवर काळं केलं मी!

म्हणून धुळ्याचं स्थळ आलं ना, तेव्हा दिपमालानं मला समोर बसवलं. नवल त्याचं नाव, बँकेत आहे, दोघं फोनवर बोलले होते, पोरीच्या चेहऱ्यावरून कळत होतं. आता आमच्याकडची रीत अशी की मुलगी बघून झाली की मुलीकडची मोठी माणसं मुलाचं घर बघायला जातात. तिथं जमलं की जमलं. तर ती म्हणाली, "पप्पा, हे स्थळ मला आवडलंय. एवढं एक करा, एसटीनं जा."

एसटीनं! दारात गाडी असताना मुलीचा बाप एसटीनं उतरणार? ते काय म्हणतील? बायको म्हणाली भाड्याची करा. भाड्याची? मी रहीमकडे गेलो. दोन दिवस गाडी ठेवली त्यानं, धुतली, पुसली, चाकांच्या मधल्या वाट्यांना रुपेरी रंग मारून दिला, मी म्हटलं, रहीम, पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे, मला खरं सांग, धुळ्याला जाईल ना? त्यानं छातीवर हात ठेवला. काय म्हणाला असेल? सांगा ना... बरोबर! इंजन मक्खन शे!

निघालो. मी, सुनंदाबाई, आणि मागे माझा मेहुणा प्रेमराज. त्याला का घेतला, तर थोर माणूस पाहिजे सोबत, बोलणी करायला. आणि वजनदार पण पाहिजे, ढकलायला. प्रेमराजच्या पायाशी एक दगड. हो, दगड! उतारावर गाडी उभी करायची म्हणजे हँडब्रेक पाहिजे आणि हँडब्रेक आमचा नुसता शोभेचा. तो दगड गाडीबरोबर इतकी वर्षं फिरतोय की रहीम त्याला पार्ट म्हणतो. पांढऱ्या शुभ्र कपड्यांत प्रेमराज, मांडीवर मिठाईचा पुडा, पायात दगड. पारोळ्याला त्याला चहाची तलफ आली. मी म्हटलं इंजिन बंद करणार नाही. मग काय, गाडी धडधडतेय, एकानं उतरायचं, चहा ओतायचा घशात, यायचं, मग दुसऱ्यानं जायचं, आणि सुनंदाबाईला मी लाटण्याच्या फटीतून कप आत दिला. टपरीवाला बघतच राहिला.

धुळ्याला पोचलो. देवपुराच्या पार टोकाला घर, मागे त्यांचं शेत, प्रशस्त अंगण, मोठं कडुनिंबाचं झाड... आणि सगळं सपाट! मी घर बघितलंच नाही हो. लोक भिंती बघतात, विहीर बघतात, मी जमीन बघतोय. थांबलोच नाही, घरावरून तशीच पुढे नेली, ते लोक दारात हात जोडून उभे, आम्ही हात जोडून पुढे! पार नदीकडे उतरणारा रस्ता दिसला तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. तिथं लावली, प्रेमराजनं दगड लावला, सुनंदाबाईला मी दार उघडून उतरवलं, आणि तिघं भर उन्हात मिठाई घेऊन चालत परत. नवलचे वडील म्हणाले, अहो एवढं अंगण असताना तिकडे का? मी म्हटलं, जरा पाय मोकळे केले.

माणसं काय सांगू तुम्हाला... सोन्यासारखी. नवलचे आजोबा, चिंधा आबा, फेटा बांधून बसलेले, प्रत्येक गोष्ट दोनदा विचारणारे. आत मातीच्या खापरावर पुरणाचे मांडे होत होते. तुम्हाला माहितीय ना, आपल्याकडे पाहुण्यांसाठी खापर चुलीवर चढलं म्हणजे समोरच्याच्या मनात होकार आहे. सुनंदाबाईनं मला डोळ्यांनी खूण केली. मी मांडे खातोय, मन उतारावर. मध्येच दिपमालाचा फोन. मला वाटलं विचारेल घर कसं आहे, माणसं कशी आहेत. तर हळूच विचारते, पप्पा, गाडी कुठे लावली? मी म्हटलं काळजी करू नको बेटा, एकदम उतारावर.

जेवण झालं, पान झालं, आम्ही निघालो, आणि ते सगळे निघाले आमच्याबरोबर. गाडीपर्यंत सोडायला. अहो नको, उन्हाचं कशाला... पण आपल्याकडे ऐकतात का? मी मनात म्हटलं, येऊ दे, उतार आहे, दगड काढला की गाडी आपोआप सुटेल, कुणाला काही कळणार नाही. अंगणात आलो. आणि काय बघतो... कडुनिंबाखाली, गार सावलीत, सपाट जमिनीवर, माझी गाडी! बाजूला भिंतीशी नीट पुसून ठेवलेला माझा दगड!

चिंधा आबा कौतुकानं म्हणाले, "पाव्हनासनी गाडी उन्हमा तपी ऱ्हायनी व्हती, बरं दिखत नही ते. चार जन लावी नि ढकलीसन आनी सावलीमा."

कुलूप लागत नाही ना तिला, कुणीही ढकलावी! आता त्या म्हाताऱ्या माणसाच्या आपुलकीला काय म्हणणार तुम्ही? मी प्रेमराजकडे बघितलं, प्रेमराज आभाळाकडे बघतोय. सुनंदाबाईचा चेहरा पांढरा. माझ्या डोळ्यांपुढे ती भडगावची साडी... आणि पोरीचा तो चेहरा. एसटीनं जा म्हणाली होती हो. एवढंच मागितलं होतं तिनं. मला खरंच रडायला आलं.

पण करतो काय? वळसा घातला, सुनंदाबाईचं दार उघडलं, तिला बसवलं. मागून विहीणबाई, नवलची आई, नवऱ्याला कोपरानं ढोसून काहीतरी म्हणाल्या, ते बिचारे खाली बघायला लागले. मी बसलो. सेल्फ मारला. घर्रर्र... बंद. पुन्हा. घर्रर्र... बंद. आणि मी, बघा मनुष्य किती खालच्या थराला जातो, मी खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हटलं, "इंजिन एकदम चांगलं आहे."

तेव्हा नवल पुढे आला. इस्त्रीचा शर्ट, बाह्या वर केल्या. मला म्हणाला, "मामा, तुम्ही उतरू नका. सेकंडला टाका, मी हाक मारली की क्लच सोडा." आणि गेला मागे, बरोबर जागेवर खांदा लावला. चिंधा आबांनी फेटा काढून सुनेकडे दिला. "बठ्ठा या रे! आमना ट्रॅक्टरले बी रोज असंच ढकलनं पडस." अन् तुम्हाला सांगतो, अख्खं घर लागलं हो माझ्या गाडीला! व्याही, त्यांचे भाऊ, प्रेमराज, आणि पदर खोचून चक्क विहीणबाई. मी ओरडतोय, अहो ताई, साडी, साडी... ऐकतंय कोण! अंगणाला दोन फेऱ्या झाल्या, नवलनं हाक दिली, मी क्लच सोडला, आणि ती फाटकन बोलली. धूर तोच. मागे बघितलं तर सगळे काळे झालेले आणि हसतायत. नवलचा शर्ट... जाऊ द्या. मी थांबलो नाही. थांबता येत नाही ना! प्रेमराज दगड उचलून धावत आला आणि चालत्या गाडीत चढला. फाटकातून हात हलवत सरळ रस्त्याला लागलो.

घरी आलो तर पोरगी दारात. मी म्हटलं, बेटा, माफ कर, सगळं बिघडलं. ती म्हणाली, त्यांचा फोन येऊन गेला, पप्पा. होकार आहे. नवलच्या आईचं म्हणणं, जो माणूस एवढ्या फजितीत बायकोचं दार आधी उघडतो, त्याच्या घरची पोर डोळे मिटून करावी. मी सुनंदाबाईकडे बघितलं, ती गाडीतच बसलेली होती. दार उघडायचं राहिलं होतं.

लग्न झालं. हॉल उतारावरचा, हे काय सांगायला पाहिजे? व्याही म्हणाले घ्यायचं-द्यायचं काही नाही. मी म्हटलं देणं कसलं, एक आठवण म्हणून ही गाडी न्या, दिपमाला लहानाची मोठी झालीय हिच्यात. खरं सांगू? आठवण होतीच. पण सुटका पण होती. रहीम पाठवणीला आला होता, पोरीला बघून नाही रडला तेवढा गाडीला बघून रडला. दगड मी स्वतः मागच्या सीटवर ठेवला, त्या पेनाच्या फुलांवर. गाडी गेली, पोरगी गेली. मी मोकळ्या जागेकडे बघत बसायचो. पंधरा दिवस झाले असतील, आपल्याच गाडीचा हॉर्न ऐकू आला, धावत बाहेर आलो. दोघं! पोटभर बघितलं पोरीला. दुपारी जेवणं झाली, जावई उठले, पिशवी खांद्याला, म्हणाले निघतो आम्ही, एसटी आहे आमची.

मी म्हटलं, जावईबापू, आणि गाडी? काही खोट निघाली का?

"नाही मामा, खोट कसली. इंजन मक्खन शे. पण सकाळी आधी ट्रॅक्टर ढकलायचा, मग गाडी... आबा दमतात हो. आणि आमच्या दारात उतार नाही."

दिपमालानं जाताना मागे वळून बघितलं, माझ्याकडे थोडं, गाडीकडे थोडं. एसटी गेली. आता बघा, जी जाऊ नये वाटत होतं, ती हसत एसटीनं गेली. आणि जी कुणीतरी न्यावी असं मनातून वाटत होतं, ती ही उभी आहे दारात... जरा तो दगड द्या हो इकडे, सरकायला लागली.