मी हातसुद्धा लावला नव्हता!

...आणि वर मलाच विचारतात, "तू नक्की काय केलंस?" अहो, काय केलंस म्हणजे काय! मी बसले होते! समोर कंप्यूटर होता, त्याच्यावर एक परिच्छेद होता, परिच्छेदात चुका होत्या, त्या मी शोधत होते, आणि एकदम पडदा काळा! ठप्प! मग आतून पंखा घरघरला, मग कंपनीचं चिन्ह, मग ते वर्तुळ फिरायला लागलं, गोल... गोल... गोल... आपणच बंद पडायचं आणि आपणच चालू व्हायचं, जशी काही मी तिथे नाहीच! तुम्हाला सांगते, मी हातसुद्धा लावला नव्हता!

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात, यंत्र आहे, पडतं बंद. पडू दे ना! पण ही परीक्षा होती हो! पाठ्यपुस्तकं छापणारी एक संस्था आहे, त्यांना मजकुरातल्या चुका काढायला माणूस हवंय. परीक्षा घरूनच द्यायची, पण कॅमेरा चालू, पलीकडे एक बाई लक्ष ठेवून बसलेली. मधेच संपर्क तुटला की परीक्षा बाद. संधी तीन. त्यातली पहिली ही अशी गेली!

आणि नोकरी नाही मिळाली तर? तर काका आहेतच. काकांचं फरशांचं दुकान आहे. "येऊ दे की पोरीला काउंटरवर, घरचंच आहे!" काका, तुम्ही फार प्रेमळ आहात, पण मी दाराची बेल वाजली तरी जागच्या जागी उडते, स्वतःच्या शिंकेने दचकते, आणि तिथे दिवसभर फरशा उतरवतात! एक सुटली की धाड्! दुसरी सुटली की धाड्! मी चुका काढायला शिकले आहे हो, फुटलेल्या फरशा मोजायला नाही!

मग दादाला बोलावलं. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, त्याला सगळ्यातलं सगळं कळतं. टेबलाखालचा कंप्यूटरचा डबासुद्धा त्यानेच हल्ली वळवून ठेवला होता, पेन ड्राइव्ह लावताना वाकायला नको म्हणून. "सरक," म्हणाला, खुर्ची मागे ढकलली, पाय लांबवले आणि सबंध दुपार गेम खेळला. बाँब फुटले, विमानं कोसळली, पण कंप्यूटर? ढिम्म! "याला काहीही झालेलं नाही. तूच काहीतरी भलतं दाबत असशील."

"दादा, मी हातसुद्धा..."

"हो गं बाई, नाही लावलास! आपोआप होतं तुझं सगळं!"

दुरुस्तीवाला आला. डबा उघडला, आत फुंकर मारली. "ताई, धूळ." धूळ काढली. दुसऱ्या दिवशी मी सरावाला बसले... काळा! पुन्हा आला. "ताई, रॅम." ती काढली, खोडरबराने घासली, परत बसवली. काळा! "मग ताई, पॉवर सप्लायच. शंभर टक्के." तोही बदलला. आई अलगद येऊन मागून म्हणाली, "झालं का गं नीट?" आणि काळा! शेवटी तो डबा उचलून दुकानात घेऊन गेला, रात्रंदिवस चालू ठेवला आणि मग फोन केला, "ताई, इकडे तर छान नांदतोय की! काही म्हणजे काही कुरकुर नाही. तुमच्याकडेच का असं करतो?" ऐकलंत? मीच छळते त्याला! मी सासू!

रडायचीच राहिले होते मी. मला वाटायला लागलं, हे माझ्यातच काहीतरी आहे. माझ्या अंगातून वीज वगैरे जात असेल का हो? मी भिंतीला बोट लावून बघितलं. भिंतीला काही झालं नाही.

घरात मात्र सगळे मला जपत होते, खोटं का बोलू. परीक्षेचं ठरलं त्या दिवशीच आईने फर्मान काढलं होतं, "पोरीचं लक्ष विचलित झालं तर याद राखा!" तेव्हापासून घरात कुणी चपला घालत नव्हतं. दाराच्या बिजागऱ्यांना तेल पाजलं होतं. बाबा खोकायला गच्चीवर जायचे. एवढी शांतता, एवढी शांतता... की मला माझ्या पापण्यांचा आवाज यायचा!

दुसरी संधी आली. डबा दुकानातून परत, दादाने वळवला होता तसाच जागेवर. देवाचं नाव घेतलं, सुरुवात केली. छान चाललं होतं हो! वेलांट्या सापडत होत्या, अनुस्वार सापडत होते, मी म्हटलं, निघालो आपण यातून... आणि अगदी कानाशी, गरम श्वासासकट, "फोडी ठेवल्यात हं."

काळा!

मागे आई. हातात सफरचंदाची बशी. "अगं बाई! परत गेला का? मी तर पाऊलसुद्धा वाजवलं नाही!"

संध्याकाळी फोन. पलीकडे तीच लक्ष ठेवणारी बाई, इस्त्री केल्यासारखा आवाज. "आपल्यावर गैरप्रकाराचा संशय आहे."

"माझ्यावर?"

"मी दोन्ही रेकॉर्डिंग पाहिली. दोन्ही वेळा आपल्यामागे एक स्त्री पाय न वाजवता येते, आपल्या कानात काहीतरी सांगते आणि लगेच आपला संपर्क तुटतो. ती काय सांगते?"

"ती... ती सफरचंद सांगते."

"हा सांकेतिक शब्द आहे का?"

"नाही हो! फळ आहे! आई आहे ती माझी! पहिल्या वेळी पाणी म्हणाली असेल! आणि कंप्यूटर आपोआप जातो हो, आईशपथ, मी हातसुद्धा लावला नव्हता!"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज. मग ती म्हणाली, "हात टेबलावरच आहेत, ते दिसतंय. पण आपण उडता. उडालात की टेबल हादरतं. टेबल हादरलं की अंधार. टेबलाखाली काय आहे?"

मी फोन कानाला लावून वाकले. टेबलाखाली डबा. दादाने वळवून ठेवलेला, तोंड माझ्याकडे. बरोबर माझ्या गुडघ्याच्या उंचीला एक छोटंसं बटण. रीस्टार्टचं. डब्यावर बाहेरून धूळ तशीच, बटण तेवढं लख्ख. मग मी माझा गुडघा बघितला. त्याच्यावर एक निळा डाग. गोल. त्या बटणाएवढा!

खरंच हो, हात नव्हताच लावला. गुडघा लावला होता. दर वेळी. आई जितकी हळू यायची, तितकी मी उंच उडायचे!

बाईंनी तिसरी संधी दिली. "डबा वर घ्या. आणि त्या सफरचंदवाल्या बाईंना दाराबाहेर ठेवा."

डबा टेबलावर आला. दादा हसून हसून जमिनीवर. आईला स्वयंपाकघरात बसवलं, बजावून सांगितलं, पाय वाजवत चाल, भांडी आपट, पण चोरासारखी येऊ नकोस. तिने ऐकलं. अगदी मनावर घेतलं. मी शेवटच्या पानावर होते, आणि आतून आई कडाडली, "मी येत नाहीये गं! तू घाबरू नकोस!"

उडाले. गुडघा टेबलाला खालून असा बसला की डोळ्यांपुढे तारे. पण पडदा? चालू! मी रडत रडत उरलेले अनुस्वार दिले.

आणि पास झाले! स्वतः बाईंचा फोन आला. अभिनंदन म्हणाल्या. म्हणाल्या, परीक्षा घरून होती, काम मात्र कार्यालयात येऊन करायचं. "आमच्याकडे वातावरण अतिशय शांत असतं. सगळीकडे जाड गालिचे आहेत. कोण कधी मागे येऊन उभं राहतं, कळतसुद्धा नाही."

सोमवारपासून जायचंय. तिथे कंप्यूटर पुष्कळ आहेत म्हणे. एकेक करून... पुरतील थोडे दिवस.